फुललं का, पुता?

वर्षाच्या दानाच्या आदल्या दिवशी दुपारी सोमावती खालच्या वाडीत नारळ आणायला गेली, ती डोकं ताळ्यावर ठेवूनच गेली. अम्माला जाऊन वर्ष होत आलं होतं. उद्या विहारातले भन्ते जेवायला येणार होते. कोवळ्या फणसाची भाजी रात्रीच चुलीवर चढवायची होती, पहाटे नारळाच्या दुधातला भात शिजवायचा होता, आणि शेजारच्या बायका रात्रभर मदतीला बसणार होत्या. एवढ्या कामात रागावायला सवड कुणाला असते? नारळांचं पोतं डोक्यावर घेऊन ती चढण चढून आली, आणि फाटकाच्या आत तिला धाकट्या भावाची गाडी दिसली. झालं. तळपायाची आग मस्तकात गेली.

नुसती गाडी दिसली असती तर एक वेळ तिनं गिळलं असतं. पण जयतिस्सनं ती नेमकी अम्माच्या खिडकीखाली, कडुपुलाच्या कुंडीला खेटून उभी केली होती. एक पान चाकाखाली चिरडलं होतं आणि त्यातून चिकट पाणी गळत होतं.

आपल्याकडच्या बायका ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, तेच हे सिंहली लोकांचं कडुपुल. जातीनं निवडुंग. दिवसा पाहाल तर म्हणाल, हे काय दारात ठेवलंय. चपटी, लांबोडकी पानं, वेडीवाकडी वाढ, काठीला बांधलं नाही तर आडवं पडणार. अम्मानं ते माहेरून एका पानावर आणलं होतं आणि जन्मभर पोरासारखं वाढवलं होतं. मातीत राख आणि चहाचा चोथा. पावसात पागोळीखाली ठेवायचं नाही, मुळाशी पाणी साचलं की संपलं. कोरड्या दिवसांत पाणी तोडायचं. ‘तहान लागली की त्याला फुलं आठवतात,’ असं ती म्हणायची. मग कधीतरी पानाच्या कडेला कळी धरायची, खाली लोंबायची, आणि ज्या संध्याकाळी फुलायचं त्या संध्याकाळी तिचा देठ बगळ्याच्या मानेसारखा वर वळायचा. मग आळीत निरोप जायचा. माणसं अंगणात चटया टाकून बसायची, गुळाचा खडा दाढेखाली धरून कोरा चहा प्यायची, आणि पांढरं फूल डोळ्यांदेखत उमलत जायचं. नागलोकातले नाग त्या वेळी खाली उतरतात असं म्हणतात. ते कुणी पाहिले नव्हते, पण त्यांच्यासाठी वाटेत जागा मात्र सोडली जायची.

उमललेलं फूल बुद्धापुढे जायचं, आणि वाहण्याआधी ते कुणी हुंगायचं नाही. वारा आपल्या पायानं वास घेऊन आला तर आला. पण वाकून, नाक खुपसून हुंगलेलं फूल म्हणजे उष्टं फूल. तसं करताना कुणी दिसलं की अम्मा अंगणातला खराटा उचलायची, मग तो पाहुणा असो की सरपंच.

“मल्ली, गाडी काढ तिथनं,” सोमावतीनं पोतं खाली टाकलं. धाकट्या भावाला ती मल्लीच म्हणायची.

“आल्या आल्या सुरू? अगं अक्का, कँडीहून घाटातून गाडी हाणत आलोय, चहा तरी विचार.”

“चहा तुझ्या साहेबिणीकडे पी. गाडी काढ.”

जयतिस्सनं गाडी काढली. तो लहानपणापासूनच असा. ओरडलं की ऐकायचा, आणि पाठ वळली की आपलं तेच खरं करायचा. त्याची बायको निलंती ओसरीवर मोबाइल घेऊन बसली होती. ती गोड हसली. “अक्का, आज फुलणार ना? मी मुद्दाम पांढरी साडी आणलीय. फुलाशेजारी छान दिसेल.”

सोमावतीनं पोत्यातला एक नारळ उचलला आणि परत ठेवला. तोंड उघडलं असतं तर फेकून मारला असता.

या रागाला कारण होतं. मागच्या वर्षी अम्मा अंथरुणाला खिळली. तिची खाट खिडकीशी होती, पण खिडकी डोक्यामागे. खोली एवढीशी, खाट फिरवायला जागा नाही. त्यामुळे बाहेरचं कडुपुल तिला दिसायचं नाही. कळी धरल्याचं कळलं तेव्हापासून तिचं एकच पालुपद होतं. “एवढं एक फूल माझ्या हातानं वाहिलं की मी मोकळी झाले, सोमे.” आणि दिवसातून पन्नासदा विचारायची, “फुललं का?”

ज्या संध्याकाळी देठ वर वळला, त्याच संध्याकाळी अम्माला धाप लागली. सोमावती औषधासाठी गंपोळला धावली. शेवटची बस चुकली, म्हणून रात्री चालत आली. मधल्या वेळात जयतिस्स येऊन गेला होता. अम्मा जागी होती. म्हणाली, “पुता आला होता. म्हणाला, नाही फुललं अजून, दोन-तीन दिवस लागतील.” सोमावतीनं बाहेर जाऊन पाहिलं तर कळीच नव्हती. तिला वाटलं, उंदरानं खाल्ली. आजारी माणसाला काय सांगायचं, म्हणून ती गप्प बसली. अम्मा त्या दोन-तीन दिवसांच्या भरवशावर श्वास ओढत राहिली. शेवटचा शब्दही तोच होता. “फुललं…?” आणि मान कलली.

सातव्या दिवसाच्या दानाला निलंतीनं मोबाइल पुढे केला. “बघा ना अक्का, साहेबांच्या घरच्या पार्टीत काय मान मिळाला यांना!” फोटोत जयतिस्सच्या साहेबांची बायको होती, आणि तिच्या हातात अम्माचं कडुपुल. बाईनं डोळे मिटून त्यात अख्खं नाक खुपसलं होतं. मागे पाहुणे आपली पाळी येण्याची वाट बघत उभे होते. कुणाच्या हातात पेला होता, कुणाच्या तोंडात तळलेला मासा. जयतिस्स कोपऱ्यात हात बांधून हसत होता, लग्नात आहेर केलेल्या माणसासारखा.

त्या दिवशी सोमावतीनं ताटं वाढली, भन्तेंना नमस्कार केला, सगळं यथासांग केलं. मग मागच्या दारी जाऊन काथ्याचा एक अख्खा दोर दातांनी तोडला.

वर्षभरात कडुपुल तीनदा फुललं. तिन्ही वेळा फूल हे भलं मोठं, पांढरंशुभ्र, आणि वास शून्य. शेजारची म्हातारी रनमेणिका पहिल्यांदा आली तेव्हा लांबूनच नाक वर करून थांबली. दुसऱ्यांदा तिनं फुलाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिसऱ्यांदा ती अंगणात शिरलीच नाही. फाटकातून म्हणाली, “पोरी, हे फूल उष्टं आहे. तुझ्याआधी कुणीतरी हुंगतंय.”

त्या तिन्ही रात्री अम्माच्या रिकाम्या खाटेचा वेत करकरला होता. कूस बदलल्यासारखा. सोमावतीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिनं रनमेणिकाला सांगितलं, आणि जयतिस्सनं केलेलंही.

“जीव अडकला की माणूस पुढे जात नाही,” रनमेणिका म्हणाली. “घराभोवतीच राहतं. उपाशी, तहानलेलं. तू कितीही दान कर, त्याचं पुण्य तिच्या हाती पडायचं नाही. वर्षाच्या दानाचं पुण्य तिला पोचवायचं असेल, तर आधी तिला मोकळी कर.”

“फुललं होतं म्हणून मी किती वेळा सांगितलं तिला, आच्ची. खाटेपाशी बसून सांगितलं.”

“तुझं सांगणं काय कामाचं? ज्यानं गाठ मारली त्यानंच सोडवायची.”

म्हणून तर कळी फुगत आलेली पाहून सोमावतीनं भावाला एक दिवस आधी बोलावलं होतं. नाहीतर तो उद्या भन्ते आल्यावर, वरातीमागून घोडं तसा उगवला असता.

संध्याकाळी तिनं त्याला विहिरीपाशी गाठलं. “आज रात्री फूल उमललं की अम्माच्या खोलीत यायचं. खाटेपाशी उभं राहायचं. आणि सांगायचं, अम्मा, फुललंय. मागच्या वर्षीपण फुललं होतं. मी तोडून नेलं.”

जयतिस्स हसला. “रिकाम्या खाटेला सांगू?”

“रिकामी असती तर तुला कशाला बोलावलं असतं?”

त्याचं हसू थोडं उतरलं. “अक्का, तू एकटी राहतेस ना, म्हणून असं होतं. कँडीला चल आमच्याकडे थोडे दिवस.”

“एकटी राहते म्हणून ऐकू तरी येतं. तुमच्या गर्दीत राहिले असते तर मीपण ठार बहिरी झाले असते.”

“एका फुलाचं किती लांबवशील? म्हातारी जाणारच होती.”

सोमावतीच्या हातात विहिरीचा दोर होता. तो तिनं इतका आवळला की पोहरा हिंदकळला. “जाणारच होती. पण कशी जायची, ते तिचं तिनं ठरवलं होतं. हातात फूल घेऊन, तृप्त. तू तिला वाट बघत पाठवलंस. साहेबाच्या बायकोच्या नाकासाठी. आज सांगितलं नाहीस, तर उद्या भन्तेंसमोर, अख्ख्या गावासमोर मी तो फोटो दाखवायला लावीन. तुझ्या बायकोनं अजून पुसला नाहीये, जीव आहे तिचा त्याच्यावर.”

आता मात्र जयतिस्स घाबरला. मेलेल्या आईला नव्हे, गावाला. “बरं बाई, सांगतो. दोन शब्द बोलायला काय जातंय!”

दोन शब्द बोलायला त्याचं काहीच जात नव्हतं. मागच्या वर्षीही गेलं नव्हतं.

दिवस मावळला तसा देठ वर वळला. मागच्या अंगणात चुली पेटल्या. खवणीवर नारळ खवल्याचा घरघर आवाज, बायकांचं हसणं, मसाला भाजल्याचा धूर, असा सगळा मागे गलबला होता. पुढच्या अंगणात मात्र कुणाला यायचं नाही असं सोमावतीनं बजावलं होतं. “आधी आम्ही भावंडं. आमचं झालं की हाक मारते, मग या फूल बघायला.” निलंतीची पांढरी साडी त्यामुळे फणस चिरणाऱ्या बायकांतच बसून राहिली, आणि तिची तक्रार तिथे कुणी ऐकून घेतली नाही.

सोमावतीनं अम्माच्या खोलीत खोबरेल तेलाचा दिवा लावला. खाट तशीच होती. वेत मध्ये खोलगट झालेला, उशाशी औषधी तेलाचा डाग. फूल वाहायला धुतलेलं तबक तिनं खिडकीत ठेवलं. जयतिस्स दाराला टेकून उभा होता. खिडकीच्या गजांपलीकडे कळी हातभरावर होती.

आधी बाहेरची लालसर पाकळी सुटली. मग दुसरी. कडुपुल उमलताना आवाज होत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. फार शांतता असेल तर ऐकू येतो. ओलं कापड हळूच उलगडावं तसा. मागचा गलबला त्या खोलीत येत नव्हता. कुणीतरी मध्ये दार लोटून घेतल्यासारखा तो थांबला होता, आणि मध्ये तर दारच नव्हतं.

पांढरं आतलं दिसू लागलं. आणि वास आला.

वर्षभरानं पहिल्यांदा वास आला. खरा, पूर्वीचा, डोकं धुतल्यासारखं हलकं करणारा. सोमावतीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, सुटली. अम्मा सुटली, आता ती हुंगणार नाही, फूल कोरं आहे, बुद्धापुढे वाहता येईल. तिनं भावाकडे पाहिलं. जयतिस्सही क्षणभर लहान पोरासारखा दिसला.

“आता सांग,” ती हळूच म्हणाली.

“हो… सांगतो.”

तेवढ्यात वास कमी झाला.

वारा नव्हता. दिव्याची ज्योत ताठ उभी होती. पण फुलाच्या सगळ्या पाकळ्या खिडकीकडे, आत, खाटेच्या दिशेला वाकल्या. आणि वास गेला. मग पाकळ्या सैल पडल्या, मागे गेल्या, आणि वास पुन्हा आला. पण आता त्यात औषधी तेल होतं, जुनं पान-सुपारी होतं, आणि आजारी माणसाच्या बंद तोंडाची आंबूस वाफ होती. पाकळ्या पुन्हा आत ओढल्या गेल्या… पुन्हा बाहेर. श्वास घ्यावा, सोडावा, तशा.

खाटेचा वेत करकरला. डोक्याकडच्या बाजूनं. मान उचलायचा प्रयत्न करताना करकरायचा, अगदी तसा.

“मल्ली… बोल.”

जयतिस्सनं दाराची चौकट घट्ट धरली.

मग खाटेवरून आवाज आला. भसाडा नाही, भयंकर नाही. थकलेला, रोजचा, अम्माचा.

“पुता… फुललं का?”

सोमावतीला आधी भीती वाटलीच नाही. तिला वाटला तो संताप. एक वर्ष! एक वर्ष हिनं अंधारात पडून हा एवढा एकच प्रश्न धरून ठेवला होता. तिनं भावाचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत धरला, आणि त्याला खाटेकडे ढकललं. “सांग! फुललंय म्हण! तुझ्या डोळ्यांसमोर आहे!”

जयतिस्स खाटेकडे बघत होता. त्या खोलगट वेतात काही नव्हतं, पण वेत हळूहळू वर येत होता. झोपलेलं माणूस उठायला लागलं की भार हलतो, तसा.

“नाही, अम्मा,” तो म्हणाला. “नाही फुललं. अजून… अजून दोन-तीन दिवस. तू पडून राहा.”

वेत पुन्हा खाली बसला.

सोमावती किंचाळलीच. “खोटं! अम्मा, खोटं बोलतोय हा! फुललंय, खिडकीत फुललंय, मागच्या वर्षीपण फुललं होतं! यानं विकलं ते, कौतुकासाठी विकलं!”

दिव्याची वात तडतडली. मग तोच थकलेला आवाज आला, जरासा चिडका. घरकामात चुकल्यावर जन्मभर ऐकला होता तसा.

“तू गप्प बस, सोमे. त्याच्या वाईटावरच असतेस नेहमी. माझा पुता स्वतः बघून येऊन सांगतोय.”

हे ऐकून सोमावती खाटेपाशी खाली बसली. औषधासाठी अंधारातून चालत आलेली ती, रात्र-रात्र पाय चेपलेली ती, कूस बदलवलेली, मळ काढलेली, तोंडात पेज भरवलेली ती. आणि विश्वास कुणावर, तर सणाला गाडी घेऊन येणाऱ्यावर. जिवंतपणी हे सगळं तिनं पोटात घातलं होतं. म्हातारं माणूस, जाऊ दे. पण मेल्यावरसुद्धा? मेल्यावर तर म्हणे खरं-खोटं दिसतं माणसाला!

तिनं वर पाहिलं तेव्हा खिडकीतलं फूल मिटत होतं. कोमेजत नव्हतं. कडुपुल पहाटे कोमेजतं, ओल्या चिंधीसारखं लोंबतं, ते तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. पाकळीवर पाकळी मागे जात होती, आली तशीच, नीट, क्रमानं. शेवटची लालसर पाकळी बसली, कळी घट्ट झाली आणि देठ हळूहळू खाली वळला. म्हातारीला दोन-तीन दिवस सांगितले होते ना, तर दोन-तीन दिवसांची कळी.

मागचा गलबला एकदम पुन्हा ऐकू आला. कुणीतरी मीठ मागत होतं.

“का?” सोमावतीनं विचारलं. “काय गेलं असतं तुझं?”

जयतिस्स भिंतीशी बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. “फुललं म्हटलं असतं तर… ती उठून बघायला आली असती, अक्का. उठत होती ती. तू पाहिलं नाहीस? उठत होती.”

“आली असती तर आली असती! आई आहे ती!”

जयतिस्सनं खाटेकडे पाठ केली.

सकाळी सगळ्यांनी कळी पाहिली. घट्ट, हिरवट, खाली लोंबलेली. रात्री जागलेल्या बायका डोळे चोळत आल्या, बघून गेल्या. निलंती म्हणाली, “नाहीच फुललं ना शेवटी? उगाच साडी आणली. अक्का, तुमचा अंदाज चुकतो हं.” सोमावतीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उरलेला दिवस स्वयंपाकघरात गेलीच नाही. आता खोटं कोण बोलत होतं? फूल तर साक्षीला उभंच नव्हतं. गावाच्या लेखी जयतिस्स खरा होता, आणि फोटो दाखवूनही अम्मा काही ऐकणार नव्हती.

एक रनमेणिका तेवढी कळीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं सोमावतीचा हात धरला. “त्यानं नाही सांगितलं?”

“नाही.”

म्हातारीनं हात सोडला नाही.

भन्ते आले. पाय धुतले गेले, पांढऱ्या वस्त्रावरून ते आत आले, बुद्धापुढे जास्वंद आणि चाफा वाहिला गेला. वाढणं झालं. भाज्या उत्तम झाल्या होत्या, सगळे म्हणाले. मग पुण्यदानाची वेळ आली. भन्तेंसमोर चटईवर ताटली ठेवली, ताटलीत पितळी वाटी. घरच्यांनी मिळून झारीनं त्या वाटीत पाणी ओतायचं, भन्तेंचं पठण चालू असेतो ओतत राहायचं. वाटी भरते, काठावरून वाहते, ताटलीत सांडते, आणि भरल्या नदीचं पाणी समुद्राला मिळावं तसं केलेलं पुण्य गेलेल्या माणसाला मिळतं. लहान पोरांनाही हे माहीत असतं. पोरं वाटी कधी सांडते हेच बघत बसतात.

सोमावतीनं झारी धरली. तिच्या हातावर जयतिस्सनं हात ठेवला. तो बर्फासारखा होता. तिला तो झटकून टाकावासा वाटला, पण घरच्यांचे सगळे हात लागले पाहिजेत. पठण सुरू झालं. झारीच्या चोचीतून पाण्याची बारीक धार पडू लागली.

वाटी अर्धी झाली आणि तिथेच राहिली.

आधी फक्त सोमावतीच्या लक्षात आलं. धार पडत होती, पाण्यावर वर्तुळं उठत होती, आणि पातळी वर येत नव्हती. मग रनमेणिकाच्या लक्षात आलं. मग पुढे बसलेल्या पोरांच्या. झारी रिकामी झाली. भन्तेंनी डोळे उघडले, वाटीकडे पाहिलं, आणि पठण न थांबवता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रनमेणिकानं झारी भरून आणली. तीही संपली. वाटी अर्धी.

आणि मग जयतिस्सनं, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं रडत सांगून टाकलं. “अम्मा, फुललं होतं! मागच्या वर्षी फुललं होतं, काल रात्रीपण फुललं होतं! मी नेलं तोडून… मी खोटं बोललो, अम्मा! घे आता! घे!”

जे ऐकायला सोमावती वर्षभर तडफडत होती, ते हेच. आता तरी. ती वाटीकडे बघत राहिली. जयतिस्सचे शब्द संपले तसं पाणी थोडं खाली गेलं. तहानलेल्या माणसानं घोट घ्यावा, एवढं.

“अम्मा,” सोमावती दात-ओठ खाऊन म्हणाली, “माझं नाही तर नाही, आता त्याचं तरी ऐक ना! तुझाच लाडका सांगतोय!”

पाणी आणखी एक घोट खाली गेलं. खिडकीखाली कळी मिटलेलीच लोंबत होती; अम्मा अजून दोन-तीन दिवसांचीच वाट बघत होती.

रनमेणिकानं तिसरी झारी भरून दिली. मग घागरच आणून ठेवली. भन्तेंचा आवाज बसत चालला होता, तरी ते थांबले नाहीत, आणि थांबा असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. सोमावती खांदा भरून आला तरी ओतत राहिली. जयतिस्सचा हात तिच्या हातावर होता, आणि त्या दोघांच्या हातांवर, कुणी ठेवला नसताना, आणखी एका, सुरकुतलेल्या हाताचा भार होता.

ताटली मात्र कोरडीच होती.